दगडावरचं वर्ष आणि आजोबांचं वर्ष

आदरणीय सर,
मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. यंदा पहिल्यांदाच आमच्या शाळेनं आंतरशालेय इतिहास प्रकल्प स्पर्धेत भाग घेतला. २३ मुलांनी नावं दिली. बहुतेकांनी मजकूर इंटरनेटवरून उतरवला, प्रतिकृती पालकांनी करून दिल्या. एका मुलीनं मात्र जीव ओतून काम केलं. तिच्या घराजवळच्या जुन्या पुलावर दगड बसवलेला आहे. त्यावर कोरलेल्या वर्षाच्या चार वर्षं आधीच आपण तो पूल ओलांडला होता, असं तिचे आजोबा ठासून सांगतात. हे कसं काय, याचा तिनं तीन महिने शोध घेतला. परीक्षकांनी "मग निष्कर्ष काय?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "अजून कळलेलं नाही." तिला उत्तेजनार्थही मिळालं नाही. पहिला नंबर आला तो दिवे लागणाऱ्या एका राजवाड्याच्या प्रतिकृतीचा. ती आता म्हणते, पुन्हा भाग घेणार नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या वर्षी चार हुशार मुलंच पाठवू. काही माजी विद्यार्थी बक्षिसांसाठी पैसे द्यायला तयार आहेत. मी स्वतः कधी संशोधन केलेलं नाही, त्यामुळे मुलांना काय दाखवणार, असंही वाटतं. या स्पर्धांच्या नादी लागावं का?
— एक इतिहास शिक्षिका

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पुलावरच अडकलो. दगड एक वर्ष सांगतो, आजोबा दुसरं. शाळकरी मुलीनं हा पेच स्वतः हेरला, दोघांपैकी कुणालाही खोटं न ठरवता तीन महिने त्याचा पिच्छा पुरवला, आणि उत्तर हाती लागलं नाही तेव्हा परीक्षकांसमोर उभं राहून तसं सांगितलं. इतिहासाच्या शिक्षकाला उभ्या नोकरीत अशी पाच-सहा मुलं भेटली तरी भरून पावलं म्हणायचं. तिला नंबर मिळाला नाही याचं वाईट वाटलंच. पण ते उत्तर किती मोलाचं होतं हे तिला त्या हॉलमध्ये कुणीच सांगितलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं. ते आता तुम्ही सांगा. उद्याच सांगा, एकटीला बोलावून. "छान केलंस" एवढ्यावर भागवू नका. नेमकं काय चांगलं केलं ते सांगा: तू दोन साधनं समोरासमोर ठेवलीस, ती जुळत नाहीत हे झाकलं नाहीस आणि पुरावा संपला तिथे थांबलीस.

आता तुमचा प्रश्न. माझं उत्तर हो असं आहे. भाग जरूर घ्या, पुढच्या वर्षीही घ्या. फक्त स्पर्धेत गुण कशाला आहेत, हे नाव देण्याआधी विचारून घ्या. मुलं गुण जिकडे असतात तिकडे वळतात, पालक तर त्यांच्याही आधी वळतात. दिवे लागणाऱ्या राजवाड्याला पहिला नंबर मिळाला, म्हणजे पुढच्या वर्षी घरोघरी राजवाडे तयार होणार. यात मुलांचा काय दोष?

ज्या स्पर्धा टिकल्या आणि नावारूपाला आल्या, त्यांनी हा प्रश्न नियमांतच सोडवलेला दिसतो. अमेरिकेत 'नॅशनल हिस्टरी डे' नावाचा उपक्रम आहे. १९७४ मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक डेव्हिड व्हॅन टॅसल यांनी तो सुरू केला. शाळांतून इतिहास मागे पडतोय, याची त्यांना काळजी होती, आणि विज्ञान प्रदर्शनासारखं इतिहासाचंही काही असावं असं वाटत होतं. आज त्यात दरवर्षी लाखो मुलं उतरतात. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रयोग आणि संकेतस्थळ असे पाच प्रकार असतात. पण खरी गंमत त्यांच्या नियमांत आहे. प्रदर्शनाच्या फलकांवर मुलांचे स्वतःचे शब्द ५०० च्या आत बसले पाहिजेत. म्हणजे उतरवलेल्या मजकुराचे ढीग तिथे मुळात मावतच नाहीत. प्रत्येक प्रकल्पासोबत 'आम्ही हे काम कसं केलं' असं छोटं टिपण द्यावं लागतं, आणि संदर्भसूचीत प्रत्येक साधनापुढे ते कशासाठी वापरलं हेही लिहावं लागतं. प्रकल्पावर शाळेचं नाव घालायचं नसतं. आणि १०० पैकी ८० गुण इतिहासाच्या दर्जाला, २० मांडणीच्या स्पष्टतेला. दिव्यांना जे काही मिळायचं, ते त्या २० मधून.

जर्मनीत १९७३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावानं अशीच एक स्पर्धा चालते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी ती सुरू केली. दर दोन वर्षांनी एक विषय देतात आणि मुलं सहा महिने आपल्याच परिसरात त्याचा माग काढतात. तिथेही प्रकल्पासोबत कामाचा अहवाल जोडावा लागतो: कुठे गेलो, कुणी दार उघडलं, कुणी उघडलं नाही, काय सापडलं, काय सापडलं नाही. तुमच्या मुलीचं "अजून कळलेलं नाही" अशा अहवालात हक्कानं बसलं असतं.

तुमच्या स्पर्धेचे नियम तुमच्या हातात नाहीत, मान्य. पण शाळेतली पहिली फेरी तुमचीच असते ना? तिथे हेच नियम लावा. शोधवही सक्तीची करा. साधी वही चालेल. तारीख टाकून, हातानं लिहिलेली, खाडाखोड असलेली. आज काय वाचलं, कुणाशी बोललो, काय पटलं नाही. हल्ली मोबाईलला विचारलं की आख्खा प्रकल्प दोन मिनिटांत लिहून मिळतो, ही तक्रार प्रत्येक शिक्षक करतो. मला त्यावर या वहीइतका चांगला उपाय दिसलेला नाही. वही उघडायची, मधलं कुठलंही पान काढायचं आणि मुलाला विचारायचं, "या दिवशी काय झालं होतं?" ज्यानं काम केलंय तो बोलतच सुटतो.

यावरून एक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांच्या प्रकल्पांची वाक्यं दुरुस्त करून द्यायचो. मग परिच्छेद दुरुस्त करू लागलो. मग लिहूनच देऊ लागलो. बक्षिसंही येत गेली. एका वर्षी अंतिम फेरीत परीक्षकांनी आमच्या एका मुलाला अगदी साधा प्रश्न विचारला, "हे पत्र तुला कुठे मिळालं?" तो मुलगा वळला आणि मागच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहू लागला. पत्र मीच आणलं होतं, मीच वाचलं होतं, त्यातली ओळही मीच निवडली होती. त्याच्या हाताला त्या कागदाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता. त्या वर्षीही आम्हाला ढाल मिळाली. ती घेताना त्याचा चेहरा पडलेला होता, तो मला अजून दिसतो. त्यानंतर मुलांचा मजकूर समोर आला की मी हातात पेन घेत नाही. प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं फार अवघड जातं, हे तुम्हालाही जाणवेल.

मग शिक्षकानं करायचं तरी काय? याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या युनियनटाउन या लहानशा गावातलं आहे. १९९९ मध्ये तिथल्या शाळेतले नॉर्मन कोनार्ड यांनी काही विद्यार्थिनींच्या हातात एका साप्ताहिकातलं जुनं कात्रण ठेवलं. इरेना सेंडलर नावाच्या पोलिश बाईनं दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, २,५०० मुलांना वाचवलं, असं त्यात म्हटलं होतं. हा आकडा छपाईची चूक असू शकतो, शोधून पाहा, एवढंच कोनार्ड यांनी सांगितलं. एक कात्रण आणि एक शंका. मुलींनी शोध घेतला, त्यावर दहा मिनिटांचं नाटुकलं बसवलं. या बाईंची कबर कुठे आहे याची चौकशी करताना कळलं की बाई हयात आहेत, वॉर्साला राहतात. मुलींनी पत्र लिहिलं, उत्तर आलं, आणि २००१ मध्ये त्या पोलंडला जाऊन त्यांना भेटल्याही. वाचवलेल्या मुलांची खरी नावं चिठ्ठ्यांवर लिहून, बरणीत घालून, सफरचंदाच्या झाडाखाली पुरून ठेवणाऱ्या त्या बाईंबद्दल जगाला त्याआधी फार थोडं माहीत होतं.

ही गोष्ट मुलांना सांगा, पण तिचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. प्रत्येक प्रकल्पातून सेंडलर सापडणार नाही, आणि सापडावी अशी अपेक्षाही नको. मला त्यातली कोनार्ड यांची बाजू महत्त्वाची वाटते. त्यांनी पोलंडच्या इतिहासावर संशोधन केलेलं नव्हतं. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून तुम्ही जे लिहिलंय, "मी स्वतः कधी संशोधन केलेलं नाही", ते मला अडचण वाटत नाही. मुलांच्या बरोबरीनं करा. त्या मुलीसोबत तुम्हीही वही घाला. सॅम वाइनबर्ग या अभ्यासकानं १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुम्हाला उपयोगी पडेल. त्यानं इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना १७७५ च्या एका चकमकीबद्दलचे तेच ते कागद वाचायला दिले आणि वाचताना मनात येईल ते बोलायला सांगितलं. मुलं पहिल्या ओळीपासून सुरुवात करून शेवटच्या ओळीपर्यंत जात. इतिहासकार मजकुराला हात घालण्याआधी कागद कुणाचा, केव्हाचा, कुणासाठी लिहिलेला, हे पाहत. त्यातल्या कित्येकांचा त्या चकमकीचा खास अभ्यास नव्हता, तरीही. बाई, ही सवय आहे, आणि सवय लावून घेता येते.

सुरुवात एका फोटोनं करा. जुना, अनोळखी माणसांचा समूहफोटो घ्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं शिक्षकांसाठी तीन रकान्यांचा एक साधा तक्ता केला आहे: काय दिसतं, काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. पहिली दहा मिनिटं फक्त पहिला रकाना भरायचा. मी वर्गात एका कारखान्यातल्या कामगारांचा फोटो वापरायचो. सुरुवातीला मुलं म्हणायची, "गरीब कामगार आहेत." मी म्हणायचो, "गरीब कुठे दिसतंय, बोट ठेव." मग ती खरोखर बघायला लागायची. मधले चौघे खुर्च्यांवर बसलेत. त्यांच्या पायांत बूट आहेत. कडेला एक मुलगा उभा आहे, दहा-बारा वर्षांचा, अनवाणी, आणि तो हलल्यामुळे त्याचा चेहरा पुसट आलाय. मग मी फोटो उलटा करून दाखवायचो. मागे पेन्सिलीनं ओळीनं नावं लिहिलेली होती. खुर्चीवरच्यांची आडनावासकट, उभ्या असलेल्यांची नुसती नावं. त्या मुलाच्या जागी काहीच नव्हतं. वर्ग एकदम शांत व्हायचा आणि तिसरा रकाना आपोआप भरायचा. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही? त्याला किती पगार असेल? तो शाळेत जात होता का? यातल्या कुठल्याही एका प्रश्नावर मूल वर्षभर काम करू शकतं.

आता मुख्याध्यापकांच्या चार हुशार मुलांबद्दल. याला विरोध करा, पण भांडून नको. त्यांना सांगा, आधी एक प्रश्न आणि दोन साधनं एवढं काम सगळा वर्ग करील. त्यातली ज्यांना पुढे जायचंय ती स्पर्धेला जातील. परीक्षेत हुशार असलेलं मूल उत्तर लवकर देतं. या कामाला उत्तर लांबणीवर टाकण्याची तयारी लागते, आणि ती कधी कधी शेवटच्या बाकावर सापडते. पाहुण्याकडे जाऊन गप्पा मारायला न लाजणारा, म्हाताऱ्या माणसांत रमणारा मुलगा मुलाखती घेण्यात पहिल्या नंबरवाल्याला सहज मागे टाकतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे. चार निवडून घेतलीत, तर तो मुलगा कधी दिसणारच नाही.

माजी विद्यार्थ्यांचे पैसे जरूर घ्या. बक्षिसांची रक्कम वाढवायला मात्र ते वापरू नका. बक्षीस मोठं झालं की पालकांचा हात आणखी आत येतो. त्यांना सांगा, मुलांना दप्तरखान्यात किंवा ग्रंथालयात नेण्या-आणण्याचा खर्च करा. जुन्या कागदांच्या प्रती काढायला, मुलाखत ध्वनिमुद्रित करायला एखादं यंत्र द्या. आणि तुमच्या स्वतःसाठीही मागा, संकोच करू नका. शिक्षकाला आठवड्यातून एक मोकळा तास, वर्षातून दोन-तीन दिवस प्रशिक्षणाला जाण्याची सोय, साधनग्रंथ घ्यायला थोडी रक्कम. मुलांना प्रोत्साहन म्हणून ढाली-चषक देणारे पुष्कळ भेटतात. शिक्षकाला वेळ मिळवून देणारे क्वचित. ज्या कार्यक्रमांनी खरोखर बदल घडवला, त्यांनी शिक्षकांच्या कार्यशाळांवर आणि त्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीवर भर दिलेला दिसतो. युरोपात १९९२ मध्ये इतिहास शिक्षकांची 'युरोक्लिओ' ही संघटना उभी राहिली, ती याच गरजेतून. तुमच्या आजूबाजूच्या शाळांतले तीन-चार इतिहास शिक्षक महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसले आणि एकमेकांच्या मुलांच्या शोधवह्या वाचल्या, तर तेवढ्यानंही खूप काही हलेल. तुम्ही एकट्या पडलाय, हे पत्रातून जाणवतं. ते आधी संपायला हवं.

माजी विद्यार्थ्यांकडून आणखी एक गोष्ट करून घेता येईल. त्यांच्यातल्या कुणाला परीक्षक म्हणून बोलवा, पण आधी तासभर बसवून तयार करा. "निष्कर्ष काय?" हा प्रश्न विचारू नका असं मी म्हणणार नाही. त्याच्या पाठोपाठ "तो काढायला तुला आणखी काय लागेल?" हा प्रश्न यायला हवा. आणि प्रत्येक मुलाला दोन ओळी का होईना, लेखी शेरा मिळाला पाहिजे. तीन महिने राबलेल्या मुलाला फक्त "सहभागी" असं छापलेलं प्रमाणपत्र हातात देणं मला सहन होत नाही.

राहता राहिला पूल.

साधनं एकमेकांशी भांडतात तेव्हाच काम सुरू होतं, हे तिला एका उदाहरणानं सांगा. अमेरिकेचं 'इंडियानापोलिस' हे लढाऊ जहाज ३० जुलै १९४५ ला बुडालं. सुमारे १,२०० जणांपैकी ३१६ वाचले. कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांना लष्करी न्यायालयानं दोषी धरलं. कागदावर ते दोषी होते. वाचलेल्या खलाशांच्या मनात नव्हते, आणि ते वर्षानुवर्षं तसं सांगत होते. नव्वदच्या दशकात फ्लोरिडातल्या एका शाळकरी मुलानं इतिहास प्रकल्पासाठी त्यांच्यापैकी दीडशेच्या आसपास खलाशांशी संपर्क साधला, त्यांच्या आठवणी आणि कागद एकत्र केले. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मॅकव्हे यांना दोषमुक्त मानणारा ठराव केला. आठवण प्रत्येक वेळी खरी निघते असं नाही. पण ती ऐकायच्या आधीच बाजूला सारायची नसते.

तुमच्या पुलाच्या बाबतीत दगड आणि आजोबा दोघेही खरे असू शकतात. दगडावरचं वर्ष पूल बांधल्याचं आहे, उद्घाटनाचं आहे, की पुरानंतरच्या दुरुस्तीचं? दगड मूळ जागी आहे का, की नंतर बसवलाय? त्याच्या कडेचा चुना आणि बाकी बांधकामातला चुना सारखा दिसतो का? पातळ कागद त्यावर धरून कोळसा फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं कधी कधी उठून येतात. मुख्य पूल व्हायच्या आधी तिथे लाकडी पूल होता का? बांधकाम खात्याकडची जुनी नोंद, त्या काळातले नकाशे, स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक, पलीकडच्या काठावरच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. पूल झाल्यावर अलीकडची मुलं पलीकडच्या शाळेत जाऊ लागली असतील, तर ते रजिस्टरमध्ये एका वर्षी अचानक दिसेल. यातलं काय मिळेल, काय नाही, सांगता येत नाही. जे मिळणार नाही, तेही वहीत लिहायला सांगा.

आणि आजोबांना वर्ष विचारायचं नाही. वर्ष माणसाच्या लक्षात राहत नाही, बाकी सगळं राहतं. पूल पहिल्यांदा ओलांडला तेव्हा कितवीत होतात? सोबत कोण होतं? कुठे निघाला होतात? पायाखाली दगड होते की फळ्या? कठडा होता का? पाणी कुठवर होतं? धाकटी भावंडं जन्मली होती का? अशा पाच-सात खुणा मिळाल्या की वर्ष आपसूक पुढे येतं, मग ते दगडाच्या बाजूचं निघो की आजोबांच्या. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, आधी त्यांची परवानगी घेऊन, आणि त्यांना मध्ये तोडायचं नाही.

तिला या रविवारीच पाठवा. पाठवू नका, तुम्हीही सोबत जा. जाताना वही विसरू नका, आणि फळ्या होत्या की दगड, ते मला कळवा.